खेळांतील चित्रें आणि त्यांचें मोल

गेल्या दिवाळीच्या सुटीपूर्वीं आमच्या शाळेंत जी वादविवादाची सभा झाली, तींत परीक्षकाच्या खुर्चीवर आम्हांस बसविण्यांत आलें होतें. विषय विद्यार्थ्यांनींच निवडला होता : ‘व्हिडिओ गेममधील उच्च प्रतीचें ग्राफिक्स त्यावर होणाऱ्या खर्चास योग्य आहे काय?’ परीक्षकानें मत द्यावयाचें नसतें, गुण द्यावयाचे असतात. सबब त्या दिवशीं आम्हीं मुकाट्यानें गुण दिले, बक्षिसें वांटलीं आणि घरीं आलों. विषय तेथेंच संपला असता. परंतु सुटी लागून आठवडा होतो न होतो तोंच राहुरीकडील एका विद्यार्थ्याचे वडील आमच्या दारीं आले. चाळींत उरलेला उन्हाळी कांदा घेऊन ते नगरच्या बाजार समितींत आले होते व पट्टी हातांत पडल्यावर थेट आमच्याकडे वळले होते. चहा होईपर्यंत ते पावसावर व कांद्याच्या भावावर बोलले. मग खिशांतून त्यांनीं एक चौघडी केलेला कागद काढला. कागद संगणकाच्या दुकानांतला होता. त्यावर यंत्राच्या एकेका भागाची किंमत मांडून खालीं ९२ हजार रुपये अशी बेरीज केली होती. आणि त्यांतील ३४ हजार एकट्या ग्राफिक्स कार्डाचे होते.

“सर,” ते म्हणाले, “पोरगं म्हणतंय, गेम बनवायला शिकायचंय. दुकानवाला म्हणतो, हे कार्ड नसलं तर काहीच होत नाही. चित्रं चांगली दिसावीत म्हणून एवढे पैसे लागतात का हो? तुम्ही म्हणाल तसं करतो.”

‘तुम्ही म्हणाल तसं करतो’ हे शब्द ऐकावयास गोड खरे, पण ज्याच्यावर ते येऊन पडतात त्याची झोंप उडवितात. आम्हीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत आम्हीं जो विचार केला तो येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम हें ग्राफिक्स म्हणजे काय प्रकरण आहे तें पाहूं. पडद्यावरील चित्र ठिपक्यांचें असतें. दारापुढील ठिपक्यांच्या रांगोळीप्रमाणेंच म्हणाना. आज साधा समजला जाणारा चांगला पडदा आडवे १९२० व उभे १०८० अशा हिशेबानें २०,७३,६०० ठिपक्यांचा असतो. त्याहून वरचा, ज्यास ‘फोर-के’ म्हणतात, तो याच्या चौपट, म्हणजे ८२,९४,४०० ठिपक्यांचा. खेळ सुरळीत चालावयाचा तर सेकंदास ६० चित्रें तरी पडद्यावर यावयास हवींत. अर्थात् प्रत्येक सेकंदास जवळजवळ ५० कोटी ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो; आणि तो ठरविण्याचें काम ज्या यंत्राकडे असतें तेंच हें ग्राफिक्स कार्ड.

बरें, रंग ठरवावयाचा कशावरून? पूर्वींचे खेळ येथें चित्रकाराची युक्ति करीत. सांवली आधींच रंगवून ठेवीत, आरशांत खोटें प्रतिबिंब बसवीत, आणि खेळणारा तें खरें मानून पुढें जाई. २०१८ सालीं एनव्हिडिया कंपनीनें घरगुती संगणकांसाठीं ‘आरटीएक्स’ नांवाचीं कार्डें काढलीं, तेव्हांपासून प्रकाशाचा एकेक किरण कोठून निघाला, कोठें आपटला व कोणता रंग घेऊन परतला, याचा हिशेब खेळ चालू असतांनाच होऊं लागला. आमच्या नगरच्या वाचकांस हें चटकन् समजेल. ज्यास आपण चांदबिबीचा महाल म्हणतों त्या डोंगरावरील सलाबतखानाच्या कबरीवर सायंकाळीं कधीं गेलां असाल, तर कमानींतून येणारें ऊन समोरच्या दगडावर पडतें आणि त्या दगडावरून उसळून बाजूची काळोखी भिंतही किंचित् तांबूस होते, हें तुम्हीं पाहिलेंच असेल. ती किंचित् तांबूस भिंत ! तिच्यासाठीं हा सारा खटाटोप आहे.

तो खटाटोप व्यर्थ आहे असें म्हणावयास आमची जीभ उचलत नाहीं. पुण्यास एका आप्ताच्या घरीं असें यंत्र आम्हीं पाहिलें. पाऊस पडून गेलेला रस्ता, डबक्यांत दुकानाची लाल पाटी उलटी उमटलेली, आणि माणूस चालत गेला कीं पाटीचीं अक्षरें हलावयाचीं. आम्ही अर्धा तास तोंडांत बोट घालून पाहत राहिलों. अर्ध्या तासानें ध्यानांत आलें कीं, आम्ही खेळ पाहतच नव्हतों, डबकें पाहत होतों. खेळांत कोणाचा कोणाशीं झगडा चालला होता हें आम्हांस आजतागाईत ठाऊक नाहीं.

आतां खर्चाकडे वळूं. २०२२ सालीं निघालेल्या आरटीएक्स ४०९० ह्या कार्डाची किंमत आपल्या देशांत दीड लाख रुपयांहून अधिक होती. २०२५ सालीं त्याच्या जागीं आलेलें ५०९० दोन लाखांच्याही पलीकडे गेलें. पहिलें ४५० वॅट वीज ओढतें, दुसरें ५७५ वॅट. शेतकऱ्याच्या भाषेंत सांगावयाचें तर दुसरें कार्ड म्हणजे पाऊण अश्वशक्तीची मोटर झाली; फरक इतकाच कीं तिनें पाणी येत नाहीं. रोज चार तास तें पूर्ण भारानें चालविलें तर एकट्या कार्डाचे महिन्यास ६९ युनिट होतात. दुकानदाराच्या कागदावर हा आंकडा कधींच नसतो. तो वीज मंडळाच्या कागदावर येतो, आणि तोही बापाच्याच नांवें.

खेळ बनविणारांचा खर्च तर आपल्या कल्पनेच्या बाहेरचा आहे. २०२३ सालीं अमेरिकेंतील एका खटल्याच्या कागदपत्रांतून ‘द लास्ट ऑफ अस’ ह्या खेळाचा दुसरा भाग सुमारें २२ कोटी डॉलरांस पडल्याचें उघड झालें. त्या वेळच्या दरानें हे अठराशें कोटी रुपये होतात. त्याच वर्षीं आपलें चांद्रयान-३ चंद्रावर उतरलें, त्यास सुमारें ६१५ कोटी लागले होते. एका खेळाच्या खर्चांत तीन वेळां चंद्रावर जाऊन येतां आलें असतें ! (येतां नव्हे, जातां, परतीचा खर्च निराळा.) हा सर्व पैसा चित्रांवरच गेला असें नाहीं, त्यांत लेखक, नट, गायक, परीक्षण करणारे, सारेच आले. परंतु पानापानाची, केसाकेसाची व भिंतीच्या भेगेभेगेची तासून केलेली प्रतिकृति हवी, म्हणून शेंकडों माणसें वर्षानुवर्षें राबतात, हें त्या धंद्यांतले लोकच सांगतात. आणि इतकें करून यश हातीं येईलच असाही नेम नाहीं. ऑगस्ट २०२४ मध्यें ‘काँकॉर्ड’ नांवाचा एक खेळ मोठ्या थाटानें बाजारांत आला. चित्रें देखणीं होतीं. पण खेळावयास कोणी येईना, तेव्हां दोन आठवड्यांतच तो मागें घेऊन लोकांचे पैसे परत करावे लागले.

येथें आमच्या सभेंतील एका वक्त्याचा मुद्दा घेणें भाग आहे. तो म्हणाला होता, “आज कृष्णधवल सिनेमा कोण पाहतो? रंग आले तेव्हांही म्हाताऱ्यांनीं नाकें मुरडलींच असतील.” टाळ्या पुष्कळ पडल्या, आणि ‘म्हाताऱ्यांनीं’ म्हणतांना त्यानें आमच्याकडे पाहिलें तेंही आमच्या लक्षांत आहे. परंतु रंगाच्या गोष्टीचा खरा इतिहास आपल्याच प्रांतांत घडलेला आहे, आणि तो त्या वक्त्यास ठाऊक असता तर त्यानें ही उपमा बहुधा दिली नसती.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ सालीं कोल्हापुरांत निघाली व १९३३ सालीं पुण्यास आली. त्याच १९३३ सालीं तिनें ‘सैरंध्री’ हा बोलपट काढला. देशांतील पहिला रंगीत बोलपट होण्याचा मान त्यास मिळावा, अशी कंपनीची फार उमेद होती. त्याकरितां शांताराम जर्मनीपर्यंत गेले आणि रंगीत प्रती तेथें काढविल्या. पैसा पाण्यासारखा खर्च झाला. परंतु रंग जसे हवे तसे उतरले नाहींत, आणि चित्रपटही चालला नाहीं. देशांतच तयार झालेला पहिला रंगीत बोलपट म्हणून नांव झालें तें चार वर्षांनंतर, १९३७ सालीं, ‘किसान कन्ये’चें. आतां ह्याच कंपनीनें, अपयशानंतर तिसऱ्या वर्षीं, काय केलें तें पाहा. १९३६ सालीं दामले व फत्तेलाल यांनीं ‘संत तुकाराम’ काढला. रंग नाहींत, काळें आणि पांढरें एवढेंच. विष्णुपंत पागनीस तुकोबा झालेले आणि कंपनींत अगदीं साध्या कामावर असलेली गौरी ही तुकोबांची बायको झालेली. मुंबईंत तो वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवांत त्याचा गौरव झाला.

वाचक म्हणतील, म्हणजे यंत्रविद्या नको, साधेपणा हवा, हेंच ना? नाहीं, तसें म्हणणें ही लबाडी होईल. ‘संत तुकारामा’ंत वैकुंठगमनाचा देखावा आहे, विमान आकाशांत जातें, चमत्कार घडतात. आणि तें सारें त्या काळच्या कॅमेऱ्याच्या करामतीनेंच साधलेलें आहे. दामले व फत्तेलाल हे काय करामतीस भिणारे गृहस्थ होते? ते तर त्या विद्येंतच मुरलेले. फरक असा कीं, ‘सैरंध्री’ंत रंग हवा होता तो रंग पहिला व्हावा म्हणून, आणि ‘तुकारामा’ंत विमान हवें होतें तें तुकोबा वैकुंठास जावयाचे होते म्हणून.

हीच कसोटी खेळास लावून पाहतां पुष्कळ गोष्टी स्वच्छ होतात. १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्यें तो मिशीवाला कारागीर कागदावरच्या चित्राप्रमाणें डावीकडून उजवीकडे धांवत असे. १९९६ सालीं ‘सुपर मारिओ ६४’ आला आणि त्यांत तोच कारागीर झाडाला वळसा घालूं लागला, टेकडीच्या मागें काय आहे तें पाहूं लागला. यंत्राच्या शक्तींत झालेल्या वाढीनें येथें खेळणारास नवें कांहीं करावयास दिलें. असा खर्च आम्ही डोळे मिटून मंजूर करूं. अंधारांत दबा धरून बसण्याचा खेळ असेल तर सांवली खरी असणें हेंही कामाचेंच आहे. परंतु अलीकडे एका यंत्राहून दुसरें यंत्र दुप्पट शक्तीचें निघतें आणि खेळणारा तेंच धांवणें, तेंच झाडणें, तीच उडी मारणें करीत राहतो. दुप्पट झालेली असते ती त्याच्या सदऱ्याची सुरकुती. हा खर्च कोणासाठीं? बहुतेक जाहिरातीसाठीं. कारण दुकानाच्या पडद्यावर खेळाचा आनंद दाखवितां येत नाहीं, सुरकुती दाखवितां येते.

‘टेट्रिस’ ह्या सोव्हिएट खेळाची गोष्ट पुष्कळांस माहीत असते : १९८४ सालीं पाजित्नोव्ह यांनीं तो ज्या संगणकावर रचला त्यास चित्रें काढतांच येत नसत, म्हणून त्यांनीं कंसाच्या चिन्हांचेच चौकोन केले. त्याहून बोधक हकीगत ‘गेम बॉय’ची आहे. निंटेंडोनें १९८९ सालीं हें हातांत धरावयाचें यंत्र काढलें. पडदा हिरवट-करडा, चारच छटांचा. पुढच्याच वर्षीं सेगा कंपनीनें ‘गेम गिअर’ काढलें. पडदा रंगीत व मागून उजळलेला, शेजारीं ठेवलें तर गेम बॉयची कीव यावी. पण त्यास सहा सेल लागत आणि ते तीन ते पांच तासांत संपत. गेम बॉय चार सेलांवर त्याच्या कितीतरी पट चाले. प्रवासांत मूल कोणतें यंत्र घेऊन बसेल? गेम बॉय व त्याची पुढची रंगीत आवृत्ति मिळून ११ कोटींहून अधिक यंत्रें खपलीं. गेम गिअर सुमारें एक कोटीपाशीं थांबलें.

पण इतकें लांब जावयास नको. आमच्या सभेंत दुसऱ्या बाजूनें बोलावयास जो विद्यार्थी उठला त्यानें इतिहास, अर्थशास्त्र कांहीं न सांगतां फक्त एवढेंच विचारलें : “येथें बसलेल्यांपैकीं बीजीएमआय खेळतांना ग्राफिक्स ‘स्मूद’वर कोण ठेवतो? हात वर करा.” शिक्षक समोर बसलेले आहेत हें विसरून जवळजवळ निम्म्या सभागृहानें हात वर केले, आणि मग लक्षांत येऊन ते घाईघाईनें खालीं घेतले. (त्या हातांची नोंद आम्हीं ठेवलेली नाहीं, पालकांनीं विचारूं नये.) ज्यांनीं हा खेळ पाहिलेला नाहीं त्यांस सांगतों कीं, सप्टेंबर २०२० मध्यें पबजी मोबाइलवर सरकारची बंदी आल्यानंतर जुलै २०२१ मध्यें हा खेळ आपल्या देशासाठीं म्हणून निघाला, आणि त्यांत चित्रें किती बारकाईचीं हवींत हें खेळणाराच ठरवितो. ‘स्मूद’ ही खालची पायरी. तेथें झाडें ठोकळेवजा होतात, पण चित्र अडखळत नाहीं, फोन तापत नाहीं, आणि समोरचा शत्रु क्षणभर आधीं दिसतो. जे स्पर्धेंत उतरतात त्यांच्यापैकीं पुष्कळ जण महाग फोन हातांत असूनही हीच पायरी पत्करतात. म्हणजे ज्या शोभेसाठीं फोन महाग झाला, ती शोभा काढून टाकणें हें निष्णात खेळाडूचें पहिलें काम ! ‘फ्री फायर’ हा खेळही गांवोगांवीं पसरला तो साध्या, स्वस्त फोनवर चालतो म्हणूनच. फेब्रुवारी २०२२ मध्यें त्यावर बंदी आली तेव्हां त्याचीच अधिक नटवलेली ‘मॅक्स’ आवृत्ति मात्र बंदींतून वांचली, ही त्यांतली मौज. त्या मुलास आम्हीं भाषणाच्या शैलीस फारसे गुण दिले नव्हते. आज वाटतें, थोडा अन्याय झाला.

एवढें वाचून कोणी म्हणेल कीं, परीक्षकाचा निकाल झाला; कार्ड नको. आम्हांसही पहिले तीन दिवस तसेंच वाटत होतें. चौथ्या दिवशीं आम्हीं ‘राजी’ पाहिला.

हा खेळ आमच्या नगरपासून तीन तासांच्या अंतरावर, पुण्यांत तयार झाला. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ही लहानशी मंडळी २०१७ पासून त्याच्या पाठीस लागली. त्याच वर्षीं लोकांकडून वर्गणी गोळा करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला; ठरविलेली रक्कम जमली नाहीं. तरीही काम न सोडतां त्यांनीं तो ऑगस्ट २०२० मध्यें बाहेर आणला, आणि त्या वर्षाच्या जागतिक ‘गेम अवॉर्ड्स’मध्यें नवोदितांच्या उत्कृष्ट खेळासाठीं ज्या पांच खेळांची नांवें निवडलीं गेलीं त्यांत ‘राजी’ होता. बक्षीस दुसऱ्यास मिळालें, तो भाग निराळा. सर्कशींत काम करणारी राजी नांवाची एक मुलगी असुरांनीं पळविलेल्या आपल्या धाकट्या भावास शोधीत निघते, अशी त्याची गोष्ट. राजस्थानच्या किल्ल्यांसारखे किल्ले, पहाडी शैलीच्या चित्रांवरून हातानें रंगविलेल्या भिंती, आणि गोष्टीचा मागचा भाग सांगावयाचा झाला कीं पडद्यावर सांवल्यांच्या बाहुल्या येतात.

त्या बाहुल्या पाहून आम्हांस पिंगुळी आठवली. सिंधुदुर्गांत कुडाळजवळच्या त्या गांवीं ठाकर समाजाचे कलावंत पिढ्यान् पिढ्या चित्रकथी सांगत आले आहेत. एकेक चित्र हातांत धरावयाचें आणि रामायण-महाभारताची कथा गाऊन पुढें न्यावयाची. चामड्याच्या बाहुल्या दिव्याच्या प्रकाशांत पडद्यावर नाचवावयाच्या. त्यांपैकीं परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. आमच्या शेवगांव तालुक्याच्या पलीकडे गोदावरी ओलांडली कीं पैठण लागतें. चित्रकथीचीं जुनीं चित्रें त्या गांवच्या नांवानेंही ओळखलीं जातात. टपोरे डोळे, बाजूनें काढलेला चेहरा, ठळक रेघ. चित्र हलत नाहीं. सांगणाऱ्याच्या आवाजानें पाहणाऱ्याच्या मनांत तें हलतें. कागद, रंग, एक दिवा आणि एक गळा, एवढ्यावर रात्रभर गांव जागें राहावयाचें. ही आपल्याकडची स्वस्त ग्राफिक्सची विद्या !

मग आमचा निश्चय डळमळला तो कां? तर हा जो ‘राजी’, ज्याच्या सौंदर्याचें मूळ हातच्या चित्रांत आहे, तो उभा आहे ‘अनरिअल’ नांवाच्या अत्यंत प्रगत यंत्रविद्येवर. कोट्यवधि डॉलरांचे खेळ जिच्यावर बनतात तीच ही सामग्री. आणि ती त्या लहान मंडळीस परवडली ती तिचा दर अद्भुत आहे म्हणून : शिकणारास व धडपडणारास ती फुकट; २०२० पासूनच्या नियमानें खेळाची मिळकत दहा लाख डॉलरांच्या वर गेली तरच वरच्या रकमेवर शेंकडा पांच द्यावयाचे. आकृति घडविण्याचें ‘ब्लेंडर’ हें साधन तर २००२ पासून सर्वांस मोकळें आहे. म्हणजे ज्या खर्चास आम्ही नांवें ठेवीत होतों, त्याच खर्चांतून निघालेलीं हत्यारें आज पुण्याच्या मुलांच्या हातीं विनामूल्य पडत आहेत. मोठ्यांनीं उधळपट्टी केली नसती तर लहानांस हीं हत्यारें मिळालीं असतीं काय? आमचे ह्यावर एकमत झालें नाहीं. ‘आमचे’ म्हणजे आमचें आमच्याशींच.

एक गोष्ट मात्र नक्की झाली. खेळणाराचा खर्च आणि करणाराचा खर्च हे दोन निराळे आहेत, आणि दुकानदाराच्या कागदावर ते एकच होऊन बसतात. खेळणारानें दुसऱ्याच्या डबक्यांतील प्रतिबिंबासाठीं ३४ हजार द्यावे, हें आम्ही कोणत्याही बापास सांगणार नाहीं. परंतु करणारा असेल तर? आणि पंधरा वर्षांचा मुलगा करणारा आहे कीं खेळणारा, हें ओळखावयाचें कसें? तो स्वतः तरी कोठें ओळखतो !

ह्या ठिकाणीं दादासाहेब फाळके आमच्या मदतीस आले. आपले त्र्यंबकेश्वरचे. १९१२ सालीं विम्याच्या पॉलिशी गहाण टाकून ते लंडनला गेले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. यंत्र हवें होतें, तें त्यांनीं कर्ज काढून घेतलें. त्यांत काटकसर केली नाहीं. पण ‘राजा हरिश्चंद्र’साठीं भांडवल हवें म्हणून ज्याच्यापाशीं मागावयाचें तो विश्वास कसा ठेवणार? तेव्हां फाळक्यांनीं कुंडींत एक वाटाणा पेरला आणि त्याच्या रोपाची वाढ थोडथोडी टिपून, मिनिटाभराच्या चित्रांत अंकुरापासून वेलापर्यंत सारें दाखविलें. तें पाहून भांडवल देणारा तयार झाला, सरस्वतीबाईंनीं दागिने काढून दिले, आणि १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला.

आठव्या दिवशीं ते गृहस्थ आले, बरोबर मुलगाही होता. आम्हीं त्यांस वाटाण्याची गोष्ट सांगितली व म्हणालों, “कागद सहा महिने घडी घालून ठेवा. तोंपर्यंत ह्याला कुठलं तरी जुनं यंत्र मिळवून द्या, आणि त्यावर जेवढं होईल तेवढं ह्याला करून दाखवूं द्या.” मुलाचा चेहरा उतरला. वडिलांचाही फारसा खुलला नाहीं; ‘हो’ किंवा ‘नाहीं’ ऐकावयास ते आले होते. मामाचें झेरॉक्सचें दुकान होतें, तेथें अडगळींत एक संगणक पडलेला होता. तो घरीं आला.

मार्च महिन्यांत मुलानें तें यंत्र पोत्यांत गुंडाळून एस्टीनें आमच्या घरीं आणलें. खेळाचें नांव ‘रात्रीची लाइट’. शेतीच्या पंपाची वीज रात्रीं दीड वाजतां येते. मुलाला घरून निघून, उंसाच्या कडेनें जाऊन मोटर चालू करून परत यावयाचें आहे. सारा पडदा काळा. हातांतल्या बॅटरीचें तेवढें एक पिवळें वर्तुळ, आणि त्या वर्तुळांत येईल तितकाच बांध, तितकीच पाऊलवाट. यंत्राला पांच ठिपके उजळावयाचे म्हणजे फार, असें त्याचें वय. म्हणून ह्यानें अंधारच खेळाचा विषय केला होता. निम्म्या वाटेवर उंसांत दोन बारीक ठिपके चमकतात. हलत नाहींत. बॅटरी त्यांच्यावर धरावी कीं पायाखालीं, हें खेळणारानें ठरवावयाचें. आमच्या भागांत बिबट्या कोणाच्या दारीं आलेला नाहीं असें गांव विरळा, त्यामुळें तें काय आहे हें कोणास विचारावें लागत नाहीं. आम्ही दोनदां खेळलों आणि दोन्ही वेळां मोटरीपर्यंत पोंचलों नाहीं. वडील पाठीमागें उभे होते. “खाली धर, खाली,” ते एकदम ओरडले, आणि मग स्वतःच ओशाळून हंसले.

जून लागल्यावर ते पुन्हा आले. मुलास आतां बॅटरीच्या उजेडांत पाऊस पडतांना दाखवावयाचा आहे आणि जुनें यंत्र थेंब पडूं लागतांच अडखळतें, असें त्यांनीं सांगितलें. खिशांतून कागद काढला. ह्या वेळीं त्यावर एकच ओळ होती : वापरलेलें कार्ड, ११ हजार. आमचें मत त्यांनीं विचारलें नाहीं. कागद नुसता दाखविला, घडी घातली, आणि पेरणीला उशीर होतो म्हणून चहा न घेतां निघाले.